आपला संघ जिंकावा म्हणून प्रार्थना करावी का?



आपल्या धर्मग्रामातील काही तरुण मुले इंग्लंडमधील फुटबॉलचे सामने रात्री जागून पाहतात, हे त्यांच्या आयांना चांगलेच ठाऊक आहे. रविवारच्या पहिल्या मिस्साला मागच्या बाकांवर ज्या जांभया येतात, त्या सगळ्याच प्रवचनामुळे येत नाहीत! यांपैकी अनेकजण महत्त्वाच्या सामन्याआधी क्रुसाची खूण करतात. खेळाडूही मैदानात उतरताना ती करतात. दोन्ही संघांतले करतात, आणि अडचण इथेच सुरू होते. एकाची विनंती मान्य व्हायची, तर दुसऱ्याची अमान्य व्हायला हवी. मग आपला संघ जिंकावा अशी प्रार्थना करणे योग्य आहे का? प्रार्थनेचे सोडा, नुसती आशा धरणे तरी योग्य आहे का? कारण आपली आशा पुरी होणे म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी मन मोडणे आहे.

प्रश्न पोरकट वाटेल. पण बारावीचा निकाल लागल्यावर आपल्या मुलाला चांगल्या कॉलेजात सीट मिळावी म्हणून नोव्हेना करणाऱ्या आईबापांना तो पोरकट वाटू नये. सीटा मोजक्या असतात, अर्ज हजारो. आपल्या मुलाचे नाव यादीत आले, की कुणाचे तरी यादीच्या बाहेर गेलेले असते. ते नाव आपण वाचत नाही, इतकेच. फुटबॉलमध्ये मात्र ते नाव समोरच्याच बाजूला, आपल्याइतक्याच मोठ्या आवाजात गात उभे असते. म्हणून हा प्रश्न तपासायला इंग्लंडमधील मे महिना सोयीचा आहे.

ज्यांना या खेळात रस नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे संघ एकाखाली एक अशा श्रेणींत विभागलेले आहेत. दरवर्षी वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली घसरतात आणि खालच्या श्रेणीतील अव्वल संघांना बढती मिळते. सर्वांत वर प्रीमियर लीग, तिच्या खाली चॅम्पियनशिप. २०२४-२५ च्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४६ सामने. पहिले दोन संघ सरळ वर गेले. तिसऱ्या संघाची निवड मात्र निव्वळ गुणांवर झाली नाही. तिसऱ्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंतचे चार संघ पुन्हा आपसांत खेळले. या सामन्यांना प्लेऑफ म्हणतात. उपांत्य फेरीत एकमेकांच्या मैदानावर एकेक सामना, आणि शेवटी लंडनच्या वेम्बली मैदानावर एकच निर्णायक सामना. ही पद्धत १९८७ साली सुरू झाली. अंतिम सामना वेम्बलीवर नेण्याची प्रथा १९९० पासूनची. मध्यंतरी त्या मैदानाची पुनर्बांधणी चालू असताना काही वर्षे तो कार्डिफला झाला. वर गेलेल्या क्लबला टीव्हीच्या हक्कांपोटी इतका पैसा मिळतो, की एका सामन्यावर याहून मोठी रक्कम जगात क्वचितच कुठे लागलेली असेल.

पैसा क्लबच्या मालकांना मिळतो. चाहत्यांना काय मिळते?

हे समजण्यासाठी संडरलंड या गावाकडे पाहू. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, वेअर नदीच्या मुखाशी वसलेले हे शहर. एके काळी इथे जहाजे बांधली जात आणि जमिनीखालून कोळसा निघे. शेवटच्या गोद्या १९८८ मध्ये बंद झाल्या. शहराला लागून असलेली वेअरमाउथची कोळशाची खाण १९९३ च्या अखेरीस बंद पडली. १९९७ मध्ये त्याच खाणीच्या जागेवर फुटबॉलचे नवे मैदान उभे राहिले. त्याचे नाव ‘स्टेडियम ऑफ लाइट’, म्हणजे प्रकाशाचे मैदान. बाहेर खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याची मोठी प्रतिकृती उभारली आहे. ज्यांचे आजोबा त्या जागी जमिनीखाली उतरत, ते नातू आता तिथे वर बसून सामना पाहतात. त्या गावात क्लब म्हणजे करमणूक नव्हे. गावाकडे अजून ‘आपले’ म्हणण्यासारखे काय उरले आहे, या प्रश्नाचे ते एक उत्तर आहे.

आणि या उत्तराने त्यांना फार छळले आहे. २०१७ मध्ये संडरलंड प्रीमियर लीगमधून खाली आला. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. २०१९ च्या प्लेऑफमध्ये तो वेम्बलीपर्यंत पोहोचला आणि भरपाई वेळेत झालेल्या गोलमुळे चार्ल्टनकडून २-१ असा हरला. तिसऱ्या श्रेणीतून बाहेर पडायला २०२२ साल उजाडले, तेही प्लेऑफमधूनच. २०२३ मध्ये पुन्हा प्लेऑफ आणि उपांत्य फेरीत ल्यूटनकडून हार. मग आला २०२५ चा वसंत. संघ चौथा होता आणि प्लेऑफमधील जागा जवळजवळ पक्की होती. तेव्हा एखाद्याला वाटेल, चाहते निश्चिंत असतील. पण संघ साखळीतील शेवटचे पाचही सामने ओळीने हरला! प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली म्हणून हरला, की खरोखरच ढेपाळला? त्या काही आठवड्यांत संडरलंडमधल्या न्हाव्याच्या दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत दुसरा विषय नसणार, हे सांगायला तिथे जाण्याची गरज नाही.

अशा आठवड्यांतील चाहत्याचे मन पाहण्यासारखे असते. अंतिम सामन्याच्या दिवसासाठी लंडनला खोली आधीच घ्यावी, तर नाट लागेल. न घ्यावी, तर मग मिळणार नाही. मागच्या विजयाच्या वेळी जो शर्ट होता तोच पुन्हा घालायचा. बायकोने तो धुतला, तर घरात अबोला. पंचाहत्तरी गाठलेला म्हातारा म्हणतो, माझ्या डोळ्यांदेखत एकदा होऊ दे. दहा वर्षांच्या मुलाने क्लबला वरच्या श्रेणीत पाहिल्याचे त्याला आठवतही नसते, आणि तरी त्याला झोप येत नाही. इंग्लंडमधील फुटबॉलच्या चाहत्यांत एक बोलणे रूढ आहे, की पराभवाने माणूस मरत नाही, आशेने मरतो. संघ तळाशी असता तर मे महिना शांत गेला असता. घरच्या बागेत गवत कापता आले असते.

आशा आणि चिंता अशा हातात हात घालून का येतात? याचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात करून ठेवला आहे. अर्थात फुटबॉलच्या संदर्भात नव्हे. त्यांच्या मते ज्या गोष्टीची आशा धरता येते तिच्या ठायी चार लक्षणे हवीत. ती चांगली असावी. ती अजून हाती आलेली नसावी. ती मिळवणे अवघड असावे. आणि ती मिळणे शक्य असावे. यांतले एक जरी लक्षण गेले, तरी जे उरते ते आशा नसते. अवघड नसेल तर ती नुसती इच्छा, शक्य नसेल तर निराशा. प्लेऑफच्या आधीच्या चाहत्याकडे चारही लक्षणे पुरेपूर असतात. चारांपैकी एकच संघ वर जाणार, म्हणजे अवघड. पण एक जाणारच, म्हणजे शक्य. आणि जे अवघड आहे ते निसटण्याची भीतीही तिथेच असते. म्हणून मला चाहत्याच्या चिंतेत काही वावगे दिसत नाही. ज्याला चिंता नाही, त्याने आशाही धरलेली नसते. त्याने एकतर जिंकल्याचे गृहीत धरलेले असते, नाहीतर नाद सोडलेला असतो.

याच संत थॉमस यांनी असाही प्रश्न घेतला आहे, की तरुणांमध्ये आणि मद्यपी लोकांमध्ये आशा अधिक असते का. आणि उत्तर दिले आहे, होय! तरुणांना मागचे आठवण्यासारखे थोडे आणि पुढचे आयुष्य मोठे. मद्य प्यालेल्याला धोके दिसत नाहीत. इंग्लंडमध्ये सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेरच्या पबमध्ये या दोन्ही वर्गांची भरपूर गर्दी असते. संतांचे निरीक्षण चुकलेले नाही.

पण इथे एक गाठ आहे. मैदानात चाहता खेळत नाही. तो पास देत नाही, गोल अडवत नाही. निकाल त्याच्या हाती मुळीच नाही. मग जे काम दुसऱ्यांनी करायचे आणि ज्याचा मोबदलाही दुसऱ्यांना मिळायचा, त्याची आशा त्याने का धरावी? बाहेरचा माणूस त्याला वेडा म्हणतो ते यामुळेच. मला मात्र चाहत्याच्या आशेतील सगळ्यात चांगला भाग हाच वाटतो. संत थॉमस विचारतात, एक माणूस दुसऱ्यासाठी आशा धरू शकतो का? तिथे त्यांचा विषय सार्वकालिक जीवनाचा आहे, खेळाचा नाही, हे लक्षात ठेवू. ते म्हणतात, एरवी आशा ही आपल्या स्वतःच्या भल्यासाठी असते. पण प्रेमाने दोघे जोडलेले असतील, तर दुसऱ्याचे भले हे आपलेच भले होते आणि मग त्याच्यासाठीही आशा धरता येते. परीक्षेच्या हॉलबाहेर उभी असलेली आई पेपर लिहीत नाही. आखातात गेलेल्या नवऱ्याची नोकरी टिकावी म्हणून इथे पत्नी मेणबत्ती लावते, तेव्हा त्याचे काम ती करत नाही. त्यांना कोणी वेडे म्हणत नाही. चाहत्याचे प्रेम त्या तोडीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण ते त्याच जातीचे आहे.

तर मग कसोटी प्रेमाची झाली. आणि प्रेमाची कसोटी लागते ती हरल्यावर.

संडरलंडच्या लोकांना १९९८ चा मे महिना कोणी विसरू देणार नाही. त्या वर्षी संघ ९० गुण मिळवून तिसरा आला होता. वेम्बलीवर गाठ पडली चौथ्या क्रमांकाच्या चार्ल्टनशी, ज्याचे ८८ गुण होते. सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. चार्ल्टनच्या चारपैकी तीन गोल क्लाइव्ह मेंडोंका याने केले, आणि हा मेंडोंका लहानपणापासून संडरलंडचाच चाहता! निकाल पेनल्टी किकवर गेला. दोन्ही संघांचे खेळाडू एकामागून एक किक मारत होते आणि प्रत्येक चेंडू जाळ्यात जात होता. ७-६ असे झाले असताना संडरलंडच्या मायकेल ग्रे याची किक गोलरक्षकाने अडवली. तिथे वर्ष संपले. ग्रेही संडरलंडचाच, याच गावात जन्मलेला.

आता पाहा. एका गावच्या मुलाने गावाला हरवले, दुसऱ्या गावच्या मुलाच्या हातून गावाची संधी गेली. अशा वेळी प्रेम आणि हाव यांच्यातला फरक उघडा पडतो. ज्याला फक्त बढती हवी होती, त्याच्या दृष्टीने ग्रे हा त्या क्षणापासून निरुपयोगी. ज्याचे संघावर प्रेम होते, त्याला रडणारा तो मुलगाही आपलाच. ग्रे त्या क्लबमध्ये राहिला. पुढच्या हंगामात संडरलंडने १०५ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला आणि प्लेऑफची वेळच येऊ दिली नाही. १९९९ मध्ये ग्रे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला. यादीत नाव न आलेल्या मुलाला घरी परत येताना जे वाटते, ते आपल्यापैकी पुष्कळांनी जवळून पाहिले आहे. त्या संध्याकाळी दार कोण उघडते आणि पहिला शब्द कोणता निघतो, यावरून नोव्हेना कशासाठी केली होती ते कळते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण मूळ प्रश्न तिथे आहे.

२०२५ च्या अंतिम सामन्यात संडरलंडसमोर शेफिल्ड युनायटेड होता. शेफिल्ड हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तिथले लोकही काही कमी सोसलेले नाहीत. शेफिल्ड युनायटेड त्या वर्षी तिसरा आला होता, ९० गुण मिळवून. संडरलंडचे गुण होते ७६. चौदा गुणांचा फरक म्हणजे जवळजवळ पाच सामने जिंकण्याइतका फरक. ऑगस्टपासून मेपर्यंत ४६ सामन्यांत जे कमावले, ते एका दुपारी पणाला लागणार. शिवाय शेफिल्ड युनायटेडचा प्लेऑफचा इतिहास असा, की त्याआधी नऊ वेळा तो या फेरीत उतरला आणि नऊही वेळा हात हलवत परत आला.

हे न्याय्य आहे का? द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला इथे कोणालाही आठवेल. दिवसभर उन्हात राबलेले आणि शेवटच्या तासाला आलेले, सर्वांना सारखीच मजुरी. पण मला वाटते तो दाखला इथे घाईने लावू नये. त्या मळ्यात पहिल्यांना त्यांची ठरलेली मजुरी मिळालीच होती. शेवटच्यांना दिले म्हणून त्यांच्या खिशातून काही गेले नाही. मळ्याचा धनी उदार आहे, त्याच्याकडे नाण्यांचा तोटा नाही. वेम्बलीवर मात्र नाणे एकच आहे. फार तर इतके म्हणता येईल, की नियम सर्वांना ऑगस्टमध्येच माहीत होते आणि सर्वांनी ते मान्य केले होते, म्हणून कोणाची फसवणूक झाली नाही. हे खरेच आहे. पण करार न्याय्य होता म्हणून हरलेल्याचे दुःख हलके होत नाही, आणि आपण त्याला ते ऐकवायला जाऊही नये.

संडरलंडला या नियमांची दुसरी बाजूही ठाऊक आहे. १९९० साली तो सहावा आला होता आणि वेम्बलीवर स्विंडनकडून १-० असा हरला. पुढे स्विंडनने खेळाडूंना चोरून पैसे दिल्याचे उघडकीस आले, त्यांची बढती काढून घेण्यात आली आणि ती हरलेल्या संडरलंडला मिळाली. वर्षभरात तो पुन्हा खाली आला. न जिंकता मिळालेल्या त्या बढतीला आशापूर्ती म्हणावे का? मला म्हणवत नाही.

मग प्रार्थनेचे काय? जे इच्छिणे योग्य आहे ते मागणेही योग्य आहे, असा विचार संत ऑगस्टीन यांच्या नावे सांगितला जातो, आणि संत थॉमस यांनी तो मान्य केला आहे. ऐहिक गोष्टीही मागाव्यात, मात्र त्यांना पहिले स्थान देऊ नये, असे ते सांगतात. म्हणजे प्रश्न पुन्हा इच्छेपाशी येतो. आपण नेमके काय इच्छितो आहोत? आपल्या संघाचा विजय, की समोरच्याचा पराभव? या दोन गोष्टी घडतात एकाच वेळी, पण मनात त्या एक असायला हव्यात असे नाही. डॉक्टर शस्त्रक्रिया करताना रोग्याला वेदना होणार हे जाणतो, पण वेदना व्हाव्यात म्हणून सुरी चालवत नाही.

माझ्या मते प्रत्येकाला हे स्वतःपुरते तपासता येते. सामन्याच्या आदल्या रात्री समजा बातमी आली, की या वर्षापुरता नियम बदलला, दोन्ही संघ वर जाणार. तुम्हाला आनंद होईल का? निव्वळ आनंद झाला, तर तुमची आशा निर्मळ होती. खुशाल प्रार्थना करा. पण ‘मग त्यात काय मजा’ असे वाटले, तर थोडे थांबून मनात डोकावलेले बरे. आणि ‘त्यांना का म्हणून?’ असे वाटले, तर निदान देवाला त्यात ओढू नये.

ही तिसरी भावना किती सहज येते, याचे उदाहरणही संडरलंडच्या पंचक्रोशीतच आहे. न्यूकॅसल हे शेजारचे शहर, वीसेक किलोमीटरवर. दोन्ही क्लबांचे वैर शंभर वर्षांहून जुने. मे २०१६ मध्ये संडरलंडने एव्हर्टनला ३-० असे हरवून आपली जागा वाचवली, आणि त्याच निकालाने न्यूकॅसल खालच्या श्रेणीत गेला. त्या रात्री संडरलंडमध्ये जो जल्लोष झाला त्यात स्वतः वाचल्याचा आनंद किती आणि शेजारी बुडाल्याचा किती, हे त्यांनाही वेगळे करता आले नसेल. वर्ष उलटले. २०१७ च्या मे महिन्यात न्यूकॅसल अव्वल ठरून वर आला आणि संडरलंड तळाला जाऊन खाली गेला. दुसऱ्याच्या जळत्या घरावर हात शेकताना आपले छप्पर गवताचे आहे, हे लक्षात राहत नाही.

आणखी एका गोष्टीकडे आपल्या तरुणांचे लक्ष वेधतो, जरा स्पष्टच. अशा सामन्यांवर सट्टा लावणारे पुष्कळ असतात. इंग्लंडमध्ये सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावे खेळाडूंच्या छातीवर झळकत आली. २०२६-२७ च्या हंगामापासून शर्टाच्या पुढच्या बाजूस ती नको, असे प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये मिळून ठरवले. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. कायदा असो वा नसो, पळवाटा शोधणारे आपल्याच गल्लीत असतात. ज्याने पैसे लावले, तो ओरडतो चाहत्यासारखाच, रडतोही तसाच. पण त्याला संघाचे भले नको असते, संघाकडून स्वतःचे भले हवे असते. उद्या समोरच्या संघावर भाव चांगला मिळाला, तर तो तिकडे जाईल. वर सांगितलेली दुसऱ्यासाठीची आशा त्याच्या वाट्याला कधीच येत नाही, आणि घरातल्यांच्या वाट्याला फक्त कर्ज येते.

असो. त्या वर्षी पुढे काय झाले ते सांगायचे राहिले.

उपांत्य फेरीत संडरलंडने कॉव्हेंट्रीला त्यांच्या मैदानावर २-१ असे हरवले. १३ मे २०२५ रोजी परतीच्या सामन्यात घरच्या मैदानावर ते एका गोलने मागे पडले, त्यामुळे एकंदर बरोबरी झाली आणि जादा वेळ द्यावा लागला. आता पेनल्टी किक होणार असे दिसत असताना १२२ व्या मिनिटाला बचावपटू डॅन बॅलर्ड याने कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. ओरडून घरादाराला जागे करणाऱ्या मुलांना दुसऱ्या दिवशी काय ऐकावे लागले असेल ते त्यांनाच ठाऊक.

२४ मे रोजी वेम्बलीवर पहिला गोल शेफिल्ड युनायटेडने केला. दुसराही केला होता, पण ऑफसाइडमुळे पंचांनी तो व्हिडिओ पाहून रद्द केला. ७६ व्या मिनिटाला संडरलंडने बरोबरी साधली. ९५ व्या मिनिटाला टॉम वॉटसन या १९ वर्षांच्या पोराने चेंडू मिळवला आणि दुरून मारलेला फटका गोलात गेला. २-१. हा मुलगा संडरलंडच्याच अकादमीत वाढलेला, आणि हंगाम संपताच तो क्लब सोडून ब्रायटनला जाणार हे आधीच ठरलेले होते. काही चाहते त्यावरून त्याच्यावर नाराजही होते. ज्या वरच्या श्रेणीत त्याने गावाला नेऊन ठेवले, तिथे तो स्वतः त्यांच्या शर्टात खेळणार नव्हता.

शेफिल्ड युनायटेडची ही दहावी वेळ. ९० गुण मिळवून तिसरा आलेला संघ चौथ्या क्रमांकाच्या संघाकडून वेम्बलीवर हरला, अगदी १९९८ च्या संडरलंडसारखा. त्या दिवशी आनंदाने रडणाऱ्यांत असे कितीतरी असतील, जे सत्तावीस वर्षांपूर्वी समोरच्या टोकाला हरलेले म्हणून बसले होते.

दोन्ही क्लबांचा पारंपरिक शर्ट एकाच रंगांचा आहे, तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा. लंडनहून उत्तरेला जाणारा महामार्ग शेफिल्डच्या कडेने जातो. संडरलंडच्या लोकांना तिथून पुढे आणखी दोनेकशे किलोमीटर जायचे असते. वाटेत चहाला थांबलेल्या माणसांत कोण जिंकले आणि कोण हरले, हे त्या संध्याकाळी गळ्यातल्या मफलरवरून ओळखता आले नसते. त्यासाठी चेहऱ्याकडे पाहावे लागले असते.